बशीतला घोट

साखर बंद, असं राजापूरच्या डॉक्टरांनी
लाल शाईने लिहून दिलंय.
तो कागद मी मिसळणाच्या डब्याखाली ठेवलाय,
उडून जाऊ नये म्हणून.
वाचायचा म्हणून नाही.

पाचाला ऊन कातळावरून उतरायला लागतं.
जांभ्याच्या पायरीवर अजून पाय ठेववत नाही,
पण पडवीत खाडीचा वारा पोचतो,
चिखलाचा, खुब्यांचा वास घेऊन,
गावातल्या सगळ्यांची विचारपूस करून
शेवटी माझ्याकडे आल्यासारखा.

चहा टेकबहादूर करतो.
बागेचा राखण्या, डोटीकडचा.
मार्गशीर्षात येतो, मृगाआधी जातो.
आंब्याच्या वाळक्या काटक्यांवर
काळा झालेला टोप ठेवतो,
आधी साखर, मग पाणी, मग परसातली पात,
आणि दूध असं घालतो, जणू उसनं आणलंय.
"बाई, आमच्याकडे साखर दोन दिवस चालून आणायची.
म्हणून पाहुण्याला जास्त."
मी पाहुणी,
माझ्याच पडवीत.

माझा बिनसाखरेचा कप वेगळा.
तो मी आधी संपवते, भिंतीकडे बघत, काढा प्यावा तसा.
मग तो काही न बोलता
आपल्या ग्लासातला एक घोट माझ्या बशीत ओततो.
बशीतलं मोजायचं नाही, असं आमचं ठरलंय.
कधी ठरलं, आठवत नाही.

ओठाला चिकटतो तो घोट.
थोडा धूर, पातीची चव, आणि तळाला
पत्तीचा एक कण, जिभेवर घोळवायला.
एकतीस वर्षं मी पोस्टात शिक्के मारले,
मनीऑर्डरी मोजल्या, दुसऱ्यांची खुशाली पोचवली.
चहा यायचा, त्यावर साय धरायची,
मी म्हणायचे, एवढं एक टपाल होऊ दे.
आता कोब्यावर ग्लासाचे गोल उठतात,
एकावर एक, तारीख नसलेले.
मी पुसत नाही.

आज जैतूनबी खाडीकडून वर आली.
पाटी उतरवली. "काय गो बाई, जिती हायस ना?"
पाटीच्या तळाला चार मुडदुशे उरलेले.
मांजराला घाल, म्हणते.
मांजर माझ्याकडे नाही, हे तिला माहीत आहे.
मग तिने कडक बटर चहात बुडवलं,
इतका वेळ की आम्ही दोघं श्वास धरून बघत राहिलो.
अर्धं तुटून ग्लासात पडलं.
टेकबहादूर हसला.
तिने बोट घालून ते वर काढलं, म्हणाली,
"बुडालं म्हणून काय टाकायचं?"
आणि एकदम गप्प झाली.

तिच्या थोरल्याच्या होडीला
या भादव्यात सात वर्षं होतील.

कुणी काही बोललं नाही.
मी तिच्या ग्लासात आणखी एक चमचा साखर घातली.
ती नको म्हणाली नाही.
चमचा बराच वेळ फिरवत राहिली, विरघळल्यानंतरही.

तेवढ्यात रतांब्यावरून वांदर उतरले,
पंधरा-वीस असतील, पिल्लं पोटाशी धरून,
थेट हापूसच्या खालच्या फांदीवर.
टेकबहादूरने गलोल उचलली, खिशातले फटाके चाचपले,
मग ग्लासाकडे पाहिलं. वाफ होती अजून.
पेटीचा भाव, डझनाचा भाव, व्यापाऱ्याची उचल,
सगळं माझ्या वहीत आहे, सुवाच्य अक्षरात.
एक आंबा पडल्याचा आवाज आला.
मग दुसरा.

"बस रे," मी म्हटलं, "चहा निवेल."

तो बसला.
मी बशी पुढे केली.